यादीबाहेरचा स्कॅनर

माझ्या सासूबाई शेवटपर्यंत लोकांना सांगत राहिल्या की सून 'कॉम्प्युटरमध्ये चेकिंगला' आहे. ऐकणाऱ्याला वाटे, मी कुठल्या तरी जिन्याखाली उभी राहून लोकांची तिकिटं तपासते. मी कधी दुरुस्त केलं नाही, कारण खरं काम सांगायला घेतलं की समोरच्याचा चहा गार होतो. आता दिवाळी अंकाने पानं दिलीच आहेत तर सांगून टाकते. चहा आधीच पिऊन घ्या.

अंधेरीतली आमची कंपनी कागद सांभाळणारं सॉफ्टवेअर विकते. ऑफिसातले कागद स्कॅन करायचे, आमच्या प्रणालीत ठेवायचे आणि हवा तेव्हा हवा तो शोधून काढायचा, एवढंच. पण कुठल्याही ऑफिसात आमचं सॉफ्टवेअर एकटं राहत नाही. स्कॅनरबरोबर त्याचं स्वतःचं सॉफ्टवेअर येतं. हिशेबाचं वेगळं असतं, डिजिटल सहीचं वेगळं, व्हायरस पकडणारं तिसरंच. ही परकी मंडळी आमच्या प्रणालीशी नीट वागतात का, हे आधी तपासायचं आणि यादीत लिहायचं: चालतं, अटीवर चालतं, चालत नाही. ही यादी गेली वीसेक वर्षं माझ्याकडे आहे. ओळखीचे लोक म्हणतात, म्हणजे पत्रिका जुळवायचं काम. तसं नाही. पत्रिका एकदा जुळली की गुरुजी दक्षिणा घेऊन सुटतात. इथे नवरा दर महिन्याला अपडेट होतो आणि गुरुजींना पुन्हा पाटावर बसावं लागतं.

घाटकोपरच्या एका ऑफिसात व्हायरसवाल्या सॉफ्टवेअरने आमच्या फाइली संशयित म्हणून कोंडून ठेवल्या होत्या. आठवडाभर तिथले लोक एकमेकांवर कागद पळवल्याचा आळ घेत होते. मुलुंडच्या एका वकिलांकडे प्रिंटरचं सॉफ्टवेअर आमच्या प्रत्येक कागदावर आपलं नाव छापायचं. वकीलसाहेबांनी ते महिनाभर चालवून घेतलं, कारण त्यांना वाटलं तो आमचा शिक्का आहे. असे अनुभव जमले की माणूस सावध होतो. माझ्या यादीत 'चालत नाही' बरंच असतं. विक्री विभागाने माझं नाव नकारघंटा ठेवलं आहे, आणि ते मला कळणार नाही अशी त्यांची समजूत आहे.

तर या नकारघंटेकडे एका जुलैमध्ये वेसाव्याच्या एका मच्छीमार सोसायटीचा मेल आला. स्कॅनर एक पान खातो, काय करावे. स्कॅनरचं मॉडेल बघितलं, यादीत नव्हतं. मी नेहमीचं उत्तर चिकटवलं: हे उपकरण यादीत नाही, प्रत्यक्ष उपकरण तपासल्याशिवाय काही सांगता येणार नाही. या वाक्याचा अर्थ 'माफ करा' असा आहे. इतक्या वर्षांत ते सगळ्यांना बरोबर कळत आलं होतं.

दोन दिवसांनी रिसेप्शनवरून फोन आला की कोणी बाई आल्या आहेत आणि त्यांच्याकडे मासळीचा क्रेट आहे. मी बाहेर गेले. माझ्याच वयाची बाई, नऊवारी, डोक्याला फूल, पायाशी निळा प्लॅस्टिकचा क्रेट. क्रेटमध्ये जुन्या टॉवेलात गुंडाळलेला स्कॅनर. त्या सोसायटीच्या सेक्रेटरी भारतीताई.

"मशीन बघितल्याशिवाय सांगता येत नाही, असं तूच लिवलंस ना?" भारतीताई म्हणाली. "हे घे मशीन."

मॅडम नाही, अहो नाही. मला मनापासून बरं वाटलं, पण ते चेहऱ्यावर दिसू न देण्याचा माझा सराव दांडगा आहे. मी तिला आत बसवलं आणि गोष्ट नीट विचारून घेतली.

जून-जुलै मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्यावर ओढून ताडपत्रीखाली ठेवलेल्या असतात आणि माणसं घरी असतात. म्हणून सगळं कागदोपत्री काम त्या दोन महिन्यांत उरकायचं. परवान्याचा अर्ज ऑनलाइन, सोबत बोटीचे कागद. ते सोसायटीत स्कॅन करून आमच्या प्रणालीत ठेवायचे आणि तिथून पुढे पाठवायचे. सगळ्यांचे गेले. जयश्री नावाच्या एका बाईच्या बोटीचा अर्ज मात्र परत आला, एक पान कमी म्हणून. पुन्हा स्कॅन केला, पुन्हा तेच पान कमी. बोट तिच्या नावावर कशी आली ते सांगणारं ते पान. बोट मुळात सासऱ्यांची. मुलाच्या नावावर केली तर तो ती मित्रांना वाटून टाकेल, या खात्रीने सासऱ्यांनी ती सुनेच्या नावावर केली होती. नवरा त्याच बोटीवर तांडेल, म्हणजे बोट हाकणारा, होता, आणि बायकोच्या बोटीवर नोकरी करतो म्हणून उभं वेसावे त्याची मजा घेत असे.

त्रुटी भरून द्यायला शुक्रवारपर्यंत वेळ होता. त्या दिवशी सोमवार.

शुक्रवार हुकला तर काय, असं मी विचारलं. परवाना उशिरा मिळेल, एवढंच ना? भारतीताईने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी बर्फाशिवाय मासळी ठेवायला सांगितली असावी. परवाना उशिरा मिळेल, पण खलाशी थांबणार नाहीत. बंदी उठली की ज्याची बोट निघते त्याच्याबरोबर ते जातात, आणि एकदा गेले की हंगामभर तिथलेच. जयश्रीचे खलाशी रोज येऊन विचारत होते, कागद झाले का. शेजारचा एक बोटवाला त्यांना आत्तापासूनच प्रेमाने चहा पाजायला लागला होता.

माझी तपासायची रीत अशी की ग्राहकाकडे जशी मांडणी असेल तशीच आमच्याकडे उभी करायची. त्यासाठी माझ्याकडे जुन्या कॉम्प्युटरांचं एक कपाट आहे, ज्याला ऑफिसात वृद्धाश्रम म्हणतात. सोसायटीच्या कॉम्प्युटरइतकाच मागे राहिलेला एक म्हातारा काढला, स्कॅनर जोडला आणि कागद मागितले.

"कागद नाय आणले," भारतीताई म्हणाली. "बोटीचे कागद मालकाच्या हातातून सुटत नाहीत गो. मालक स्वतः घेऊन येतो, समोर उभा ऱ्हातो, घेऊन जातो. सोसायटीच्या कपाटातपण ठेवत नाय आम्ही. तुझे कागद घाल. कागद तो कागद."

मला ते पटलं. इतकी वर्षं या कामात घालवून मला ते पटलं, हे इथे नमूद करते.

मी आमचे कागद घातले. पांढरेशुभ्र, नुकते छापलेले, कोपरे सरळ. स्कॅनरने एकही पान खाल्लं नाही. दोन्ही बाजूंनी घातले तरी नाही. उलट, मागची बाजू कोरी असेल तर तो ती आपण होऊन वगळत होता. ही सोय मी भारतीताईला कौतुकाने दाखवली सुद्धा. मग 'अटीवर चालतो' असं लिहिलं, अट म्हणून 'रोलर स्वच्छ ठेवावेत' हे ज्ञान दिलं आणि तिला रिक्षात बसवलं. विक्रीप्रमुख मेहुल केबिनमधून बाहेर येऊन बघत होता. मी एखाद्याला हो म्हणताना त्याने प्रथमच पाहिलं असावं.

बुधवारी भारतीताईचा फोन आला. म्हणाली, अजून खातो, आणि तेच पान.

मी वेसाव्याला गेले. ग्राहकाकडे स्वतः जाणं हे माझं काम नाही, पण हो लिहून बसले होते आणि ते खोटं ठरणं मला परवडणारं नव्हतं. सोसायटीचं ऑफिस बर्फाच्या कारखान्याशेजारी, वरच्या मजल्यावर. खिडकीतून ताडपत्र्या पांघरलेल्या बोटी दिसत होत्या. कॉम्प्युटरशेजारीही तसलीच निळी ताडपत्री, नायलॉनच्या दोरीसकट तयार ठेवलेली. बंदी उठली की बोटी सुटतात आणि कॉम्प्युटर बांधला जातो. दहा महिने त्याच्यावर सत्यनारायणाच्या पूजेच्या पत्रिकेशिवाय काही होत नाही, अशी माहिती भारतीताईने दिली.

जयश्री आधीच येऊन थांबली होती. चाळिशीची, बारीक, तुटक बोलणारी. कागदांची पिशवी पोटाशी धरून माझ्या खुर्चीमागे उभी राहिली. मी हात पुढे केला. तिने आधी माझे हात बघितले, मग भारतीताईकडे बघितलं, आणि एकेक कागद स्वतःच स्कॅनरमध्ये घातला. जेवढी पानं घातली त्यापेक्षा एक कमी स्क्रीनवर आलं. पुन्हा घातली, पुन्हा एक कमी.

आता समजूतदार माणूस काय करेल? जे पान येत नाही ते हातात घेऊन बघेल. मी समजूतदार नाही, मी तज्ज्ञ आहे. माझी नजर गेली कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातल्या एका आकड्याकडे. दहा महिने झाकून ठेवल्यामुळे त्याचे सगळे अपडेट तुंबले होते. मला कारण सापडल्याचा आनंद झाला. मी त्या दोघींना पाच मिनिटं समजावून सांगितलं की कॉम्प्युटर मागे राहिला की बाकीच्यांशी त्याचं जमत नाही, आणि त्यातून असले चमत्कार होतात. जयश्रीने विचारलं की सोमवारी तुमच्याकडे तर जुन्यावरच चालला ना. मी म्हटलं, ते वेगळं. ते वेगळं कसं, हे मला अजून सुचलेलं नाही.

सगळे अपडेट मी सुरू केले. दुपार त्यातच गेली. भारतीताईने जेवायला घातलं, सुकट आणि भाकरी, आणि मी सुकटीवर माझं मत दिलं. माझं माहेर मालवणकडचं, त्यामुळे मासळीवर मत देणं आम्हाला श्वासासारखं. तीन-चार खलाशी जिन्यापर्यंत येऊन डोकावून गेले. जयश्री त्यांना म्हणाली, आफिसची बाई आली आहे, आज होतंय. ते ऐकून मी पाठ ताठ केली.

कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला, ताजातवाना. आणि स्कॅनर त्याला दिसेचना.

त्या स्कॅनरचं सॉफ्टवेअर त्याच्या कंपनीने केव्हाच सोडून दिलेलं. जुन्या कॉम्प्युटरवर ते बिचारं कसंबसं चालत होतं. मी नवा केल्यावर त्याने मान टाकली. हा प्रकार मी दर वर्षी नव्या मुलांच्या प्रशिक्षणात सांगते. आधी सगळ्याची नक्कल ठेवा, मग अपडेट करा, ग्राहकाच्या चालू मशीनवर कधीच प्रयोग करू नका. माझी एक स्लाइड आहे त्यावर, लाल अक्षरांत.

"आधी एक पान खात होता," जयश्री म्हणाली. "आता तोंडच उघडत नाय."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं. भारतीताई मात्र म्हणाली, "बाय, तू आमच्यासाठी आलीस का शेजारच्या बोटवाल्यासाठी?"

मी म्हटलं, जुनं पुन्हा बसवता येईल, पण दोन दिवस लागतील. दोन दिवसांनी शुक्रवार, आणि त्यात काही चुकलं तर संपलं. बोलता बोलता मी पहिल्यांदा ते पान हातात मागितलं. जयश्रीने थोडा विचार करून दिलं, पण एक कोपरा सोडला नाही. अशा रीतीने आम्ही दोघींनी मिळून ते खिडकीशी नेलं.

टाइपरायटरवर केलेली कार्बन प्रत होती, तीही बहुधा शेवटची, फिकट निळी. आणि तिच्यावर लॅमिनेशन. एकावर एक, दोन थर. मी विचारलं, दोनदा कशाला. खाडीची हवा, भारतीताई म्हणाली. आमच्याकडे कागद राहत नाही, म्हणून सगळेच करतात. पहिलं सुटायला लागलं की त्याच्यावरूनच दुसरं.

उजेडात ते पान आरशासारखं चमकलं आणि त्यावरचं काहीच दिसेना. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. स्कॅनरला ते पान कोरं वाटत होतं. कोरी पानं वगळायची त्याची ती गुणी सोय, जिचं मी सोमवारी कौतुक केलं होतं, तिने इमानाने ते वगळलं होतं. एक खूण काढून टाकायची होती, एका चौकटीतली बारीक बरोबरची खूण. पण ती चौकट ज्या सॉफ्टवेअरमध्ये होती, ते मी दुपारीच मारून ठेवलं होतं.

हे मी त्या दोघींना सांगितलं. सगळं, खूण आणि चौकटीसकट. भारतीताईने स्कॅनरवर जुना टॉवेल पांघरला. मग जयश्री म्हणाली, "मंग आता फोटो काढ."

मोबाइलवर कागदाचे फोटो काढून ते प्रणालीत घालू नयेत, हेही मी प्रशिक्षणात सांगते. त्यासाठी दोन स्लाइड आहेत. फुकटची ॲप तर मुळीच वापरू नयेत. कुठून आली, काय करतात, कोणी तपासली, काही ठाऊक नसतं. हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. जयश्रीकडे बघून मी ते गिळलं, मोबाइल काढला आणि पहिलं दिसलं ते फुकटचं ॲप उतरवून घेतलं.

पहिल्या फोटोत ट्यूबलाइट आली. दुसऱ्यात पंखा. तिसऱ्यात मी, चष्म्यासकट, बोटीच्या मालकीहक्काच्या मधोमध. जिन्यात गेलो, तिथे खिडकीचा उजेड आला. भारतीताई म्हणाली, हिचा चेहरा गेला तर अर्ज कायमचाच परत येईल. शेवटी आत येऊन जयश्रीने कोपऱ्यातली छत्री उचलली, मोठी काळी, लाकडी मुठीची, आणि माझ्या हातात दिली. मोबाइल माझ्या हातातून काढून घेतला. मी तिच्या आणि कागदाच्या डोक्यावर छत्री धरून उभी राहिले, थोडं डावीकडे, थोडं खाली, ती सांगेल तशी. वीस वर्षांच्या अनुभवाचा त्या जागी एवढाच उपयोग होता की माझी उंची बरी आहे. शाळकरी पोरं वर येऊन बघून गेली. छपराखाली छत्री उघडून बाया काय करतायत, याचा खुलासा कोणी त्यांना दिला नाही.

फोटो आला. फिकट, पण प्रत्येक ओळ वाचता येत होती. वरच्या कोपऱ्यात छत्रीची एक काडी, खाली त्या फुकटच्या ॲपची जाहिरात. मी तो माझ्या हाताने आमच्या प्रणालीत घातला आणि अर्जाबरोबर पुढे पाठवला.

शुक्रवारी अर्ज मान्य झाला. बंदी उठली त्या दिवशी जयश्रीची बोट इतरांबरोबर निघाली, तिच्याच खलाशांना घेऊन. भारतीताईने मला फोनवर समुद्राचा आवाज ऐकवला. मला नुसता वारा ऐकू आला, पण मी ऐकू येतंय म्हटलं.

ऑगस्टमध्ये एके दिवशी रिसेप्शनवरून पुन्हा फोन आला, पुन्हा क्रेट आल्याचा. या वेळी त्यात बर्फ होता आणि बर्फात पापलेटं, अशी की बघत राहावं. जयश्रीने पाठवली होती. ऑफिसच्या फ्रिजमध्ये ती ठेवल्यावर मेहुलने तीन दिवस तिथलं दही खाल्लं नाही, पण आनंद त्यालाही झाला होता. आणखी काही सोसायट्या आमची प्रणाली घेऊ म्हणत होत्या आणि सगळ्यांकडे तोच स्वस्तातला स्कॅनर होता. यादीत सोमवारचं 'अटीवर चालतो' होतंच. ते नुसतं 'चालतो' करून टाका, मेहुल म्हणाला. ग्राहक खूश आहे, तुम्ही खूश आहात, मासे आलेत.

मी घरी जाऊन पापलेट तळलं, जेवले आणि दुसऱ्या दिवशी यादीत लिहिलं: चालत नाही. कारणंही लिहिली. लॅमिनेशन केलेली फिकट पानं न सांगता वगळतो. अद्ययावत कॉम्प्युटरवर सुरूच होत नाही. हे दुसरं कसं समजलं, या रकान्यात 'प्रत्यक्ष ग्राहकाकडे, अस्मादिकांच्या कर्तबगारीने' असं लिहायची फार इच्छा झाली, पण त्या रकान्यात अक्षरं मोजकीच मावतात. नाहीतर जयश्रीसारखी आणखी एखादी बाई जुलैच्या शेवटी एका पानासाठी अडली असती, आणि तिच्या ऑफिसात छत्री असेलच याची खात्री मला नव्हती.

यादी ग्राहकांना जाते. संध्याकाळपर्यंत भारतीताईचा फोन आला.

"मासळी खाल्लीस?"

"खाल्ली. ताजी होती."

"आणि मशीन चालत नाय म्हणून लिवलंस."

"नाहीच चालत."

"तुझ्यामुळे चालत नाय."

"माझ्यामुळेच. पण चालत नाही."

पलीकडे बर्फ फोडल्याचा आवाज येत होता. मग भारतीताई कोणाला तरी ओरडून म्हणाली, "जयश्री, पुढच्या वेळी हिला पापलेट नको, बोंबील पाठव," आणि फोन ठेवला.

गणपतीनंतर सोसायटीने यादीतला स्कॅनर घेतला. त्याच्या पुढच्या आठवड्यात क्रेट आला. बोंबीलच होते.